बिनविरोध डाउनलोड

आमच्या गावात काहीही निवडायचं असलं की ते बिनविरोध निवडावं, असा आग्रह असतो. सोसायटीचे संचालक बिनविरोध, यात्रा कमिटी बिनविरोध, तंटामुक्तीचा अध्यक्षही बिनविरोध, आणि सर्वांत जास्त तंटा त्याच पदासाठी झालेला असतो. बिनविरोध म्हणजे विरोध नसतो असं नाही. तो आदल्या दिवशी कोणाच्या तरी ओट्यावर बसून समसमान वाटून घेतलेला असतो. निम्मी मुदत तुमचा सरपंच, निम्मी आमचा. माणसांच्या बाबतीत या पद्धतीनं फारसं बिघडत नाही, कारण दोन्हीकडची माणसं शेवटी सारखीच निघतात. इंटरनेटवरून फाईल उतरवून घेण्याचं अवजार या पद्धतीनं निवडलेलं मात्र मी एकदाच पाहिलं.

गाव न्हावऱ्याच्या पलीकडं. शिरूरच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होतो. निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा गावच्या वाचनालयानं मला मानद सल्लागार केलं. मानद म्हणजे चहा फुकट आणि सल्ला घेणं ऐच्छिक. वाचनालयाला एक संगणक होता. कारेगावच्या बाजूच्या एका कंपनीनं आपले जुने संगणक गावांना वाटले, त्यातला एक. देताना मंडप होता, फीत होती, चार भाषणं होती. संगणकात मात्र चालू करायला काहीच नव्हतं, सगळं पुसून दिलेलं. मी त्यावर लिनक्स बसवलं, कारण ते फुकट असतं आणि कॉलेजात मी तेच वापरत होतो. मशीन इतकं थकलेलं होतं की चित्रं, खिडक्या, माऊसचा बाण हे सगळं त्याला झेपेना. म्हणून तेही काढून टाकलं. राहिला काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. जे हवं ते टाइप करून सांगायचं. पुस्तकांची यादी ठेवायला तेवढं पुरत होतं. स्पीकर नव्हते. वाचनालयात स्पीकर कशाला, असं कमिटीनं विचारलं होतं, आणि तेव्हा मलाही ते पटलं होतं.

दौंडच्या बाजूला एका संस्थेचं छोटं रेडिओ केंद्र होतं. आवाज आमच्या गावापर्यंत जेमतेम यायचा. नदीकडच्या वस्त्यांवर स्वच्छ, गावात खरखर. ते केंद्र बंद पडलं. बंद करताना संस्थेनं एक भली गोष्ट केली. आजवरचे साठवलेले कार्यक्रम आपल्या सर्व्हरवर ठेवले आणि कळवलं की महिनाअखेरपर्यंत ज्याला हवे त्यानं उतरवून घ्यावेत, त्यानंतर सर्व्हर बंद होईल.

केंद्र बंद पडल्याची बातमी माझ्याआधी आप्पांना कळली होती.

आप्पा आमच्या शेजारच्या वस्तीवरचे. त्यांचे आजोबा मेंढरं घेऊन पावसाळा सोडून वर्षभर फिरायचे. वडील जमिनीला चिकटले आणि आप्पांकडं थोडी जमीन, कांदा आणि पाच-सहा शेळ्या एवढंच उरलं. बायको लवकर गेली. एक मुलगी होती. ती शिकली, दौंडला खोली घेऊन राहिली आणि त्या रेडिओवर नोकरीला लागली. सकाळी ती सूचना वाचायची. कोणत्या फीडरला, म्हणजे विजेच्या कोणत्या लाईनीला, या आठवड्यात पंपांसाठी थ्री फेज लाईट दिवसा आहे आणि कोणाला रात्री, हे सगळा पट्टा तिच्याकडून ऐकायचा. आप्पा तर आपल्या फीडरचं झाल्यावरही शेवटच्या फीडरपर्यंत ऐकत बसायचे. आदल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास ती स्कूटीवरून गावी येत होती. रस्त्यावर उसाची दुहेरी ट्रॉली उभी होती, तिला मागं दिवा नव्हता. दिवस नुकताच मावळला होता. मोबाइलही तिच्याबरोबरच गेला.

आप्पा वाचनालयात कधी आले नव्हते. त्या दिवशी आले ते चपला बाहेर काढून. आमच्याकडं चपला कोणीच काढत नाही.

"सर, रेडिओ बंद झाला म्हणत्यात."

"झाला, आप्पा."

"मग त्यातलं बोलणं कुठं जातंय?"

मी सांगितलं, महिनाभर आहे, नंतर पुसलं जाईल.

"तिचं तेवढं आणता येतंय का?" ते म्हणाले. "घरात फोटू हायती. आवाज न्हाई. पुतण्याच्या लग्नाची कॅसेट हाय, तिच्यात ती बोलतीया, तोंड हालतंय, पर त्या फोटूवाल्यानं वरनं पिच्चरची गाणी घातली."

आणता येईल, असं मी म्हणालो. त्यात अवघड काही नव्हतं. काळ्या पडद्यावर अवजाराचं नाव टाइप करायचं, पुढं फाईलचा पत्ता द्यायचा आणि थांबायचं. एकच अडचण होती. संगणकाच्या पोटात जागा नव्हती, बाहेरून लावायची हार्डडिस्क लागणार होती आणि ती अध्यक्षांच्या सहीशिवाय येत नव्हती. म्हणून मी अध्यक्षांकडं गेलो. त्यांना सगळे आबा म्हणतात. माजी सरपंच आहेत, म्हणजे त्यांच्या मते अजूनही आहेत.

आबांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "एकट्या आप्पाचंच कशाला? उद्या बाकीचे म्हणत्याल, आमचं का न्हाई. सगळंच आणू की. समदा रेडिओ. आपल्या भागाचा ठेवा हाय त्यो."

ठेवा हा शब्द आला तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. ठेवा म्हटलं की उद्घाटन आलंच.

कमिटीची बैठक बोलावली गेली. विषय: रेडिओचा ठेवा उतरवून घेण्याचं अवजार निश्चित करणे. अवजार निश्चित करायला बैठक कशाला, असं मी विचारलं नाही, कारण त्या खोलीत खुर्ची निश्चित करायलाही बैठक झालेली मला आठवते. आबांचा भाचा आला होता. कारेगावला एका कंपनीत मेंटेनन्सला असतो, तिथंच खोली करून राहतो. चिटणीस दुसऱ्या गटाचे. त्यांनी आपला मेहुणा आणला होता, तो दौंडात कॉम्प्युटरचा क्लास चालवतो. दोन्ही पोरं हुशार होती. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं नाही.

मेहुणा म्हणाला, डब्ल्यूगेट वापरायचं. भाचा म्हणाला, कर्ल.

खरं तर दोन्ही अवजारं चांगली आहेत आणि दोन्ही फुकट. स्वभाव वेगळे आहेत. डब्ल्यूगेट हे जुन्या वळणाच्या सालगड्यासारखं आहे. एकदा काम सांगितलं की त्याच्या पाठी लागतं. नेट तुटलं तर थांबतं, परत आलं की पुन्हा लागतं, अर्धवट राहिलेली फाईल जिथं सुटली तिथून पुढं ओढतं. फाईल दुसऱ्या जागी हलवलेली असली तर न विचारता तिथं जाऊन घेऊन येतं. कर्ल जास्त शिकलेलं आहे. त्याला शेकडो कामं येतात, पण सांगाल तेवढंच करतं. फाईल हलवली असेल तर मागोमाग जा, हेदेखील त्याला वेगळं सांगावं लागतं. नाही सांगितलं तर ते दारावर लावलेली पाटी उचलून आणतं आणि तुम्ही मागितलेल्या फाईलचंच नाव तिला देऊन ठेवतं. ते खोटं बोलत नाही. त्या पत्त्यावर तेवढंच होतं.

मी यातलं थोडंफार बैठकीत बोललो. आमचं नेट दिवसातून कितीदा जातं हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून माझा कल डब्ल्यूगेटकडं होता. चूक इथंच झाली म्हणायची, कारण डब्ल्यूगेट हा चिटणीसांच्या बाजूचा उमेदवार होता आणि मी आबांच्या आळीत राहतो.

"सर, तुम्ही बी?" आबा म्हणाले.

कोणीतरी आरिया नावाच्या तिसऱ्या अवजाराचं नाव घेतलं. ते एकाच वेळी पुष्कळ जोडण्या उघडून फार वेगानं ओढतं. मी म्हणालो, दुसऱ्याच्या विहिरीवर एकदम दहा मोटारी टाकण्यासारखं आहे ते, मालक हाकलून देईल. हे मात्र सर्वांना ताबडतोब कळलं. त्या बैठकीत कळलेली तांत्रिक बाब ती एवढीच. आरियानं अपक्षासारखी माघार घेतली.

मग मी म्हणालो की, दोन्हींनी एकेक फाईल आणून बघा. चिटणीसांच्या घरी टेप आहे, मोबाइल आहे, वाजवून बघा. ज्याची वाजेल ते घ्या.

यावर भाचा हळूच म्हणाला, "म्हंजी परीक्षा घेणार का आमची?"

"परीक्षा न्हाई रे."

"मंग काय? इस्वास न्हाई का?"

मेहुणाही, प्रथमच भाच्याच्या बाजूनं, म्हणाला की क्लास चालवणाऱ्या माणसाला असं वाजवून दाखवायला लावणं बरं दिसत नाही. दोन्ही गट एका मुद्द्यावर एक झाले आणि तो मुद्दा हा होता की काहीही तपासायचं नाही. कोणाचं काम तपासणं म्हणजे त्याच्या घरावर संशय घेणं. आमच्याकडं सोयरीक जुळवताना मुलाचा पगार विचारतात, पण पगाराची चिठ्ठी मागत नाहीत, तसं.

आबांनी तोडगा काढला. त्यांचा हातखंडाच तो. "निम्मं निम्मं करू. आदली वर्षं डब्ल्यूगेट, नंतरची वर्षं कर्ल. दोन्ही पोरांनी आपापलं आणायचं. कुणाचंच नाव खाली नको." सूचक झाले, अनुमोदक झाले, ठराव बिनविरोध झाला. माझी देखरेख समितीवर नेमणूक झाली. समितीत मी एकटाच होतो.

आप्पांची मुलगी नंतरच्या वर्षांतली. तेव्हा माझ्या ते मनातही आलं नाही. निम्मं कोणतंही असो, यायचं होतं सगळंच.

त्याच आठवड्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, ते मी पुण्याला जाऊन करून घेतलं आणि काही दिवस पुतणीकडंच राहिलो. पडद्याकडं बघायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. गावची खबर फोनवरून येत होती. कर्ल जिंकलं, अशी ती खबर होती. भाच्यानं रविवारी सकाळी काम सुरू केलं आणि जेवायच्या वेळेपर्यंत सगळी वर्षं उतरवली. मेहुण्याचं डब्ल्यूगेट मात्र दिवसचे दिवस रांगत होतं. नेट जायचं, यायचं, ते पुन्हा ओढायला लागायचं. चहाच्या टपरीवर कर्लवाले डब्ल्यूगेटवाल्यांची टर उडवत होते. "तुमचा बैल अजून बांधावरच हाय का?" असं विचारत होते. चिटणीस दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत म्हणे.

एवढी वर्षं एका सकाळीत कशी आली, असा प्रश्न गावात कोणालाच पडला नाही. वेगाला प्रश्न विचारायची आपल्याकडं रीत नाही.

लोकार्पण महिन्याच्या शेवटच्या दिवशी ठेवलं, कारण तालुक्याच्या पुढाऱ्यांची दुसरी तारीख मोकळी नव्हती. मी काळा चष्मा लावून आलो. वाचनालयापुढं मंडप होता. टेबलावर भगवं कापड, त्यावर हार्डडिस्क, तिला झेंडूचा हार. हार डिस्कपेक्षा मोठा होता, त्यामुळं पुढाऱ्यांनी नेमकं कशाला नमस्कार करायचा ते त्यांना हाताला धरून दाखवावं लागलं. नारळ फुटला. भाच्याचा सत्कार झाला, वेगाबद्दल. मेहुण्याचाही झाला, चिकाटीबद्दल, आणि तो शाल खांद्यावर घेऊन पडलेल्या उमेदवारासारखा बसला. आप्पांना पुढच्या रांगेत बसवलं होतं. त्यांनाही शाल आणि नारळ दिला. निवेदक म्हणाले, कन्येचा आवाज अजरामर झाला. आप्पांनी नारळ दोन्ही हातांत धरला होता. खाली ठेवायचा की नाही हे त्यांना कळत नव्हतं.

भाषणं झाली. ठेवा, वारसा, डिजिटल, ग्रामीण हे शब्द निरनिराळ्या क्रमानं आले. मग आबा म्हणाले, आता आप्पांच्या लेकीचा आवाज आपण सगळेच ऐकू. साउंडवाल्याच्या लॅपटॉपला डिस्क लावली. नंतरच्या वर्षांतली एक फाईल उघडली. वाजली नाही. दुसरी. ती वाजली नाही. साउंडवाला म्हणाला, फॉरमॅट वेगळा असंल. तिसरी, चौथी. मोठ्या स्पीकरांतून नुसता गुं असा आवाज येत होता. मग कोणाला तरी शहाणपण सुचलं आणि त्यांनी डब्ल्यूगेटच्या वर्षांतली एक फाईल लावली. ती खणखणीत वाजली. कोणा महोदयांचं ऊस लागवडीवरचं व्याख्यान होतं. लोकांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. पुढारी म्हणाले, फार छान, आणि पुढच्या कार्यक्रमाला गेले.

आप्पा माझ्याजवळ आले. "सर, ही बाई न्हाई. हा तर बाप्या हाय."

मी लॅपटॉप मागून घेतला. चष्मा वर करून फाईलींच्या आकाराकडं पाहिलं. नंतरच्या वर्षांतल्या सगळ्या फाईली सारख्याच आकाराच्या होत्या, आणि तो आकार एका पोस्टकार्डापेक्षा जास्त नव्हता. एक फाईल लिखाण म्हणून उघडली. आत एक वाक्य: कार्यक्रम दुसऱ्या जागी हलवला आहे, नवा पत्ता खालीलप्रमाणे. दुसरीत तेच. सगळ्यांत तेच. संस्थेनं नंतरची वर्षं दुसऱ्या सर्व्हरवर ठेवली होती. कर्लला मागोमाग जा असं कोणी सांगितलं नव्हतं. त्यानं एका सकाळीत शेकडो पाट्या गोळा केल्या होत्या.

भाचा बाजूला उभा होता. त्याच्या गळ्यात हार होता. तो म्हणाला, "कंपनीत चालतं असंच. कधी अडलं न्हाई." तो खरं बोलत होता असं मला वाटतं.

सर्व्हर त्या संध्याकाळी बंद होणार होता. मी वाचनालयात जाऊन बसलो. आप्पा मागोमाग आले, या वेळी चपलांसह. डिस्क लावली, डब्ल्यूगेट टाइप केलं.

"कोणता दिवस आणू, आप्पा? सगळं आता येणार नाही."

"लाईटीचं वाचती त्ये."

मी यादी पाहिली. लाईटीच्या वेळा त्यात कुठंच नव्हत्या. सकाळच्या सूचना केंद्रानं कधी साठवल्याच नव्हत्या. आज वाचायच्या, उद्या शिळ्या, कोण ठेवतो? साठवले होते ते फक्त गुरुवारचे पाहुण्यांचे कार्यक्रम. कामाचं बोलणं वाऱ्यावर गेलं होतं आणि भाषणं जपून ठेवलेली होती. मी ते आप्पांना सांगितलं.

"पाव्हण्याला ती प्रश्न इचारायची," आप्पा म्हणाले. "बेस्तरवारी. त्यो आना."

ती गेली त्याच्या थोडं आधीचा एक गुरुवार घेतला. नेट मुंगीच्या पावलानं चाललं होतं. शेवटचा दिवस म्हणून सर्व्हरवर गर्दी असणार, आणि बाहेर मंडपात दोन्ही गटांची पोरं आपापल्या मोबाइलवरून सत्काराचे व्हिडिओ चढवत होती, वाचनालयाच्याच वायफायवर. मी बाहेर जाऊन सांगितलं की जरा बंद करा.

"पाचच मिनिटं, सर," एक जण म्हणाला. "आबांचं भाषण चढतंय."

मी चिटणीसांना सांगितलं. ते म्हणाले, आधी त्यांना बंद करायला लावा, मग आमची करतील. आबांना सांगितलं तर तेही तेच म्हणाले. शेवटी मेहुण्यानं शाल खुर्चीवर टाकली, आत आला आणि आम्हाला न विचारता वायफायचा पासवर्ड बदलला. बाहेर एकच गलका झाला, पण आमचा संगणक तारेनं जोडलेला होता, त्याच्या पडद्यावरचा आकडा हलायला लागला.

आप्पा माझ्या खुर्चीमागं उभे होते. बसा म्हटलं तर बसले नाहीत. आकडा वाढला की विचारायचे, "आली का?" मी म्हणायचो, येतेय. नेट दोनदा तुटलं. दोन्ही वेळा त्या सालगड्यानं जिथं सुटलं तिथून पुन्हा धरलं. फाईल बहुतेक सगळी आली होती, थोडंसं शेपूट राहिलं होतं, आणि पडद्यावर ओळ उमटली की पलीकडचा सर्व्हर उत्तर देत नाही. डब्ल्यूगेट पुन्हा पुन्हा हाका मारत राहिलं. थोड्या वेळानं मीच ते थांबवलं.

"आली?" आप्पा म्हणाले.

"एक आली. शेवट नाही."

साउंडवाला मंडप सोडत होता. त्याच्याकडून एक छोटा स्पीकर मागून आणला. केंद्राची सनईची धून झाली आणि मग ती बोलली. नमस्कार, आजच्या कार्यक्रमात आपल्यासोबत आहेत, आणि पुढं पाहुण्यांची पदं. एक सेवानिवृत्त अधिकारी होते. पदं सांगायलाच तिला बराच वेळ लागला. मग ते बोलायला लागले ते शेळीपालनावर. बोलतच राहिले. तिनं पहिला प्रश्न विचारायला सुरुवात केली तर त्यांनी तो अर्ध्यातच ओळखला आणि उत्तर दिलं. मग तिनं प्रश्न विचारणं सोडून दिलं. हं, म्हणायची. बरं. हो. बरोबर. मध्येच एकदा, म्हणजे कसं? साहेबांनी म्हणजे कसं ते सांगितलं. शेवटी साहेब दम घ्यायला थांबले, ती म्हणाली, "तर श्रोतेहो, आता मी", आणि फाईल तिथं संपली.

आप्पांनी सगळं उभ्यानं ऐकलं. पीपीआर या शेळ्यांच्या रोगाच्या लसीचा विषय आला तेव्हा फक्त एवढंच म्हणाले, "ह्यानं शेळी पाळली न्हाई कवाच."

कमिटीच्या इतिवृत्तात लोकार्पण सोहळा उत्साहात पार पडला, अशी नोंद आहे. काही फाईलींबाबत तांत्रिक अडचण उद्भवल्याचंही त्यात म्हटलं आहे. भाच्याच्या बाजूचे म्हणतात, सर्व्हरवाल्यांनीच फाईली हलवल्या, मग अवजाराचा काय दोष. मेहुण्याच्या बाजूचे म्हणतात, लोकार्पण चार दिवस आधी ठेवलं असतं तर सगळं आलं असतं. ते खरंही होतं, पण त्यांना मुळात आबांच्या तारखेवर बोट ठेवायचं होतं. आधीच्या वर्षांतली सगळी व्याख्यानं डिस्कवर सुखरूप आहेत. ती ऐकायला आजवर कोणी आलेलं नाही. हार्डडिस्क कपाटात आहे. कपाटाची एक किल्ली या गटाकडं, एक त्या गटाकडं, आणि दोन्ही लागल्याशिवाय ते उघडत नाही.

आप्पांची फाईल मी त्यांच्या बटणांच्या मोबाइलच्या कार्डात घालून दिली. ते शेळ्या घेऊन निघाले की खिशात ती चालू असायची. लांबून साहेबांचा आवाज ऐकू आला की आप्पा येताहेत हे कळायचं. काही महिन्यांनी ते पुन्हा वाचनालयात आले.

"सर, त्या सायबाचं तेवढं काढता येतंय का? नुसती तिची ठेवा."

मी घरच्या संगणकावर दोन-तीन दुपारी बसून ते केलं. साहेबांना सगळीकडून कापलं. उरलं ते पुरतं मिनिटभरही नव्हतं. नमस्कार आणि साहेबांची पदं, मग हं, बरं, हो, हं, बरोबर, म्हणजे कसं, हो, हं, बरं, आणि शेवटचं अर्धं वाक्य. आप्पांना बोलावून ऐकवलं. त्यांनी एकदा ऐकलं आणि पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकताना ते मोबाइलकडं बघत होते.

"न्हाई," ते म्हणाले.

"काय झालं?"

"कुणाला व्हय म्हणतीया त्ये कळंना." त्यांनी मोबाइल माझ्याकडं सरकवला. "असं एकटीच बोलल्यावाणी वाटतंय. येड्यावाणी. राहू द्या. व्हतं तसंच घाला."

मी साहेबांना परत जागेवर घातलं, सगळ्या पदांसकट, आणि कार्ड मोबाइलमध्ये सरकवून दिलं. आप्पांनी तिथंच पायरीवर बसून ते लावलं. धून झाली, नमस्कार झाला. साहेबांनी घसा साफ केला आणि सांगितलं की शेळी ही गरिबाची गाय आहे.

"बरं," ती म्हणाली.